घर घेताना: पहिली ऑफर कितीची द्यायची?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बरेच प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, मालकाशी किंवा बिल्डरशी भाव कसा करायचा. भांडुपच्या वाचकाने सगळी माहिती नीट दिलीय म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देतेय, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: ताई नमस्कार. मी आणि बायको दोघं नोकरी करतो, भांडुप पश्चिमेला भाड्याने राहतो. एलबीएस रोडजवळच एका सोसायटीत १ बीएचके बघितला, ४१० कार्पेट, १९९८ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट आहे. मालक काका रिटायर होऊन गावी रत्नागिरीकडे गेलेत, फ्लॅट गणपतीपासून बंदच आहे. सांगितलेली किंमत १ कोटी ५ लाख. ब्रोकर म्हणतो बैठकीत थोडंफार होईल, आणि तोच म्हणतो की दुसरी एक पार्टी उद्या टोकन घेऊन येतेय. आमच्याकडे बाबांनी दिलेले धरून ३२ लाख आहेत आणि बँकेने ७५ लाखांचं सँक्शन लेटर दिलंय. बायकोला घर खूपच आवडलंय. ऑफर किती द्यावी? फार कमी बोललो तर काका चिडतील का? आमच्या घरात मुंबईत कुणीच घर घेतलेलं नाही, विचारायला कोणी नाही. (एक वाचक, भांडुप)

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे उद्याच्या पार्टीला घाबरून आज काहीही देऊ नका, टोकन नाही, शब्द पण नाही. त्याचं पुढे बोलू. आधी तुमचाच हिशोब बघू, कारण ३२ आणि ७५ मिळून १ कोटी ७ लाख होतात आणि काका १ कोटी ५ मागतायत म्हणजे बसतंय की, असं तुम्हाला वाटत असणार, आणि ते बसत नाही.

१ कोटी ५ लाखांच्या घरावर मुंबईत स्टँप ड्युटी ६ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी फी ३० हजार. ब्रोकर २ टक्के घेणार असेल तर २ लाख १० हजार. सोसायटीचे ट्रान्सफरचे २५ हजार, वकील आणि बँकेची फी मिळून साधारण ४० हजार धरा. हे झाले सव्वानऊ लाखांच्या वर, आणि यातला एक रुपयाही बँक कर्जात धरत नाही, कर्ज फक्त घराच्या किमतीवर. वर तुमचा स्वतःचा हिस्सा ३० लाख. म्हणजे लागणार ३९ लाखांच्या वर आणि आहेत ३२. सात लाख कुठून आणणार? इथेच लोकं पर्सनल लोन काढतात, नाहीतर बायकोचे दागिने गहाण टाकतात, आणि मग पहिली दोन वर्षं नव्या घरात नुसती हप्त्यांची काळजी. ते करू नका.

आता हाच हिशोब ९६ लाखांवर करा. स्वतःचे २१, स्टँप ड्युटी ५ लाख ७६ हजार, नोंदणी ३० हजार, ब्रोकर १ लाख ९२ हजार, बाकीचे ६५ हजार. झाले २९ लाख ६३ हजार. हातात दोन-सव्वादोन लाख उरतात, तेवढ्यात रंग, थोडं प्लंबिंग, सामान हलवायचा टेम्पो असं सगळं होतं. म्हणजे तुमची शेवटची किंमत ९६, आणि ती काकांच्या आकड्यावरून नाही तर तुमच्या खिशावरून ठरलीय. हा आकडा दोघांनी घरी बसून कागदावर लिहा आणि ब्रोकरला सांगू नका, तो कितीही आपलेपणाने 'तुमचं बजेट सांगा ना, मी करून देतो' म्हणाला तरी. ब्रोकरेज किमतीच्या टक्क्यावर असतं, सौदा व्हावा हे त्याला हवंच असतं, पण तो दोन लाख खाली व्हावा याच्यासाठी त्याला काही मिळत नाही. तुमचं बजेट कळलं की तो काकांना तेवढंच सांगणार.

एक जागा आहे पैसे वाचवायची. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, ९६ लाखांवर ९६ हजार वाचतात. पण नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट मिळत नाही, नाव फक्त तिचंच लागतं. तुम्ही कर्जात सहकर्जदार राहू शकता, फक्त मालकीत नाव नसेल तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये व्याजावरची सूट तुम्हाला घेता येणार नाही. दोघं बसून ठरवा, माझं मत विचाराल तर तिच्या नावावर घर असणं ही पैशापलीकडे पण चांगलीच गोष्ट आहे.

आता काकांचं घर खरं कितीचं आहे. पोर्टलवर ज्या किमती दिसतात त्या मागितलेल्या किमती, मिळालेल्या नाहीत. मिळालेल्या किमती नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर असतात, तिथे ई-सर्चमध्ये फुकट शोध घेता येतो. जिल्हा, गाव म्हणजे तुमच्याकडे भांडुप किंवा कांजूर जे असेल ते, वर्ष आणि मिळकत क्रमांक म्हणजे सीटीएस नंबर टाकायचा, तो नंबर काकांच्या जुन्या अॅग्रीमेंटमध्ये मिळेल, ब्रोकरकडे पहिल्या पानांचा फोटो मागा. साइट अडकते, कॅप्चा चुकतो, वैताग येतो, तरी बसा, सकाळी लवकर जरा बरी चालते. त्यात इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक २ दिसते आणि त्यावर 'मोबदला' लिहिलेला असतो, म्हणजे तो फ्लॅट कितीला विकला, आणि शेजारी 'बाजारभाव' म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारने धरलेली किंमत, आणि क्षेत्रफळ. तुमच्याच सोसायटीतले आणि बाजूच्या दोन सोसायट्यांतले गेल्या दीड-दोन वर्षांतले दस्त काढा.

समजा तीन दस्त सापडले आणि कार्पेटवर फुटाला २३ ते २४ हजार निघाले, तर ४१० फुटांचे होतात ९४ ते ९८ लाख. काका मागतायत फुटाला साडेपंचवीस हजारांच्या वर. बघा, आता बोलायला तुमच्याकडे काहीतरी आहे. फक्त एक काळजी घ्या, एखादा दस्त फारच कमी किमतीचा दिसला तर तो घरातल्याच कुणाला दिलेला असू शकतो किंवा वरचे पैसे रोख गेलेले असू शकतात, तो धरू नका. आणि क्षेत्रफळ कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं आहे की बिल्ट-अप म्हणजे भिंती धरून, ते दस्तात बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये ४१० कार्पेट म्हणून सांगितलेला फ्लॅट मोजायला गेलं की ३८० निघतो असं खूप होतं. टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, काका असताना मोजलं तरी चालतं, त्यात लाजायचं काही नाही. ३० फूट कमी निघाले तर फुटाला २३ हजारांनी ते ६ लाख ९० हजार होतात, सबंध बैठकीत एवढं कुणी सोडत नाही.

मग बिल्डिंग. १९९८ ची म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं ५ वर्षांतून एकदा करायचं असा उपविधीत नियम आहे. सोसायटीच्या ऑफिसमध्ये जाऊन सेक्रेटरींना भेटा, गोड बोला, आणि तीन गोष्टी विचारा. ऑडिटमध्ये काय आलं, मोठी दुरुस्ती निघालीय का आणि तिच्यासाठी प्रत्येक मेंबरकडून किती घ्यायचे असं एजीएममध्ये म्हणजे वार्षिक सभेत ठरलंय का, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आलीय का. जर दर फ्लॅट दीड लाख दुरुस्ती निधी पास झालेला असेल आणि काकांनी भरलेला नसेल तर ते दीड लाख सरळ किमतीतून जातात, याच्यावर कोणी वाद घालू शकत नाही. भिंती बघायला पश्चिमेच्या बाजूची खोली बघा, पावसाचा मार तिकडूनच येतो, कपाटामागे आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात फुगलेला प्लॅस्टर किंवा नुकताच एकाच भिंतीला मारलेला रंग दिसला तर तिथे हात लावून बघा. आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं गळणं म्हणजे डोकेदुखीच, शेजाऱ्यांना विचारा, वॉचमनला विचारा, ते सगळं सांगतात.

भाव वाढवायला तीन गोष्टी सांगतील, त्यांची तयारी ठेवा. एक, मेट्रो ४ येतेय. येतेय हे खरं, वडाळा ते कासारवडवली मार्ग एलबीएसवरूनच जातो, पण ते काय गुपित नाही, मेट्रोचा भाव त्या पट्ट्यात आधीच धरलाय आणि तुमच्या इंडेक्स टूच्या आकड्यांत तो आलेला आहे, पुन्हा वेगळा द्यायची गरज नाही. दोन, रिडेव्हलपमेंट होणार, मोठी जागा मिळणार. विचारा, ठराव झालाय का, बिल्डर ठरलाय का, कन्व्हेयन्स आहे का. यातलं काही नसेल तर ती नुसती आशा आहे, आणि आशेचे पैसे पहिलं घर घेणाऱ्याने देऊ नयेत. तीन, पार्किंगचे चार लाख वेगळे. स्टिल्टमधलं म्हणजे बिल्डिंगखाली खांबांमधलं किंवा उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं विकता येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे, ती सोसायटीची सामायिक जागा असते आणि वाटप सोसायटी करते. म्हणजे काका जे विकू शकत नाहीत त्याचे चार लाख तुम्ही द्यायचे. सेक्रेटरींना विचारा की नव्या मेंबरला पार्किंग मिळतं का आणि कसं.

आता तुमची बाजू, जी तुम्हाला कमकुवत वाटतेय पण नाहीये. तुमचं सँक्शन लेटर तयार आहे. तुम्हाला आधी दुसरं घर विकायचं नाही, बाजारात निम्मी लोकं 'आमचा फ्लॅट गेला की लगेच' म्हणणारी असतात आणि मालक त्यांची वाट बघत बसतो. तुमचे सगळे पैसे चेकचे आहेत. आणि तुम्ही भाड्याने राहताय म्हणजे ताबा आज पाहिजे असंही नाही, काकांना सामान हलवायला महिना लागला तरी तुम्ही थांबू शकता. काकांची बाजू बघा, फ्लॅट गणपतीपासून बंद, मेंटेनन्स भरतायत, भाडं येत नाही, आणि प्रत्येक पार्टीला घर दाखवायला कोकणातून यावं लागतं किंवा ब्रोकरकडे चावी देऊन जीव टांगणीला. त्यांना एक लाख जास्त मिळण्यापेक्षा एकदाचं नीट, वेळेत, न अडकता काम होणं जास्त हवं असू शकतं. बैठकीआधी ब्रोकरला एवढंच विचारा, काकांना पैसे कधी पाहिजेत आणि कशासाठी. गावी घर बांधायला घेतलं असेल तर त्यांना तारखेचं महत्त्व आहे, आणि पक्की तारीख तुम्ही देऊ शकता.

दुसरी पार्टी खरी असेल किंवा नसेल, तुम्हाला कळायला मार्ग नाही, त्यामुळे त्याच्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका. शांतपणे म्हणा, 'त्यांना जास्त जमत असेल तर काकांनी जरूर द्यावं, आम्ही आमचा आकडा रविवारी समोर बसून सांगतो.' खरी असेल तर घर जाईल, आणि १ कोटी ५ ला ते घर तसंही तुमचं होणार नव्हतं.

बैठक समोरासमोरच करा, फोनवर ब्रोकरमार्फत आकडे फेकू नका, मध्ये प्रत्येक आकड्याचा अर्थ बदलतो. रविवारी काका येणार असतील तर ट्रेनचा मेगाब्लॉक बघून वेळ ठरवा, दमून उशिरा आलेला माणूस नीट बोलत नाही. घरातलं एक मोठं माणूस सोबत न्या, बाबा किंवा सासरे, त्यांनी आकड्यांत पडायचं नाही पण ते बसलेले असले की काकांनाही वाटतं घरंदाज लोकं आहेत, आपलं घर चांगल्या हातात जातंय. आणि हे खोटं दाखवायला नाही सांगत, पंचवीसेक वर्षं राहिलेला माणूस घर देताना हळवा असतो, त्याला मान द्या, घर छान ठेवलंय हे मनापासून सांगा. बोलणार मात्र एकच जण, तुम्ही किंवा बायको. घर आवडलंय हे सांगायला हरकत नाही, 'आम्हाला हेच पाहिजे' एवढं म्हणू नका.

आकडा सांगताना कारण आधी, आकडा नंतर. 'काका, आम्ही तुमच्या सोसायटीतले गेल्या दोन वर्षांतले दस्त बघितले, ते असे असे झालेत, बेडरूमची भिंत करून घ्यावी लागेल, दुरुस्ती निधी भरायचाय, ते सगळं धरून आम्ही ९१ म्हणतो, सगळे चेकने, सँक्शन हे बघा.' आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं, समोरचा गप्प झाला की आपल्याला वाटतं आपण काहीतरी चुकीचं बोललो आणि आपणच लगेच 'बरं ९४' म्हणतो. थांबा, चहा प्या, त्यांना बोलू दे. चिडतील का? नुसतं '९१ घ्या' म्हटलं तर चिडतील, दस्त दाखवून म्हटलं तर नाराज होतील पण चिडणार नाहीत, त्यांनाही बाहेर चौकशी करता येते. ते १ कोटी २ वर आले तर तुम्ही ९३ वर जा, नंतर साडेचौऱ्याण्णव, मग साडेपंच्याण्णव, पावलं लहान होत गेली की तुमचा तळ जवळ आलाय हे सांगावं लागत नाही. मध्येच आकड्याऐवजी दुसरं काही मागा, गिझर, एसी, किचनची ट्रॉली राहू दे, सोसायटीचे ट्रान्सफरचे पैसे काकांनी भरावेत. ९६ वर थांबा. ९८ वर काका अडून बसले तर त्या दिवशी हो म्हणू नका, नमस्कार करून उठा, नंबर देऊन या आणि सांगा की विचार बदलला तर फोन करा. पितृपक्ष जवळ असेल तर अजून बरं, त्या पंधरवड्यात आपली लोकं सौदे करत नाहीत आणि बंद घराच्या मालकाला तो काळ लांब वाटतो. आणि फोन नाहीच आला तर भांडुपमध्ये ४०० फुटांचे वनबीएचके अजून आहेत, बायकोला वाईट वाटेल, तिला आधीच विश्वासात घ्या.

किंमत ठरली की टोकन. टोकन लहान ठेवा, ५१ हजार किंवा १ लाख, चेकने किंवा ऑनलाइन, आणि एका कागदावर दोघांच्या सह्या. त्यात ठरलेली किंमत, कोणत्या वस्तू घरात राहणार, अॅग्रीमेंट किती दिवसांत, पूर्ण पैसे किती दिवसांत, ताबा कधी, थकबाकी कोण भरणार. आणि दोन ओळी नक्की: कागदपत्रांत दोष निघाला किंवा बँकेने या घरावर कर्ज नाकारलं तर टोकन पूर्ण परत, आणि मालकाने किंमत वाढवली किंवा माघार घेतली तरी पूर्ण परत. तुमचं सँक्शन तुमच्या पगारावर आहे, घराचे कागद बँक अजून बघणार आहे, व्हॅल्युअर येणार आहे, आणि व्हॅल्युएशन किमतीपेक्षा कमी आलं तर कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं. म्हणून ही ओळ पाहिजेच. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध करून घ्या, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. काकांच्या फ्लॅटवर कर्ज असेल तर मूळ कागद त्यांच्या बँकेत असतील, तेही आधीच विचारा. आणि ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो, हे काकांना बैठकीतच सांगून टाका, नाहीतर शेवटच्या चेकच्या दिवशी ९६ हजार कमी का म्हणून वाद होतो. ते त्यांना रिटर्नमध्ये दिसतात, बुडत नाहीत.

प्रश्न: परळला वनबीएचके बघतोय. मालक म्हणतो १ कोटी ४० लाखांपैकी २० लाख रोख द्या, मग ५ लाख कमी करतो. ५ लाखांचा फायदा सोडावा का? (एक वाचक, परळ)

उत्तर: सोडा. आणि मी फक्त कायद्याच्या भीतीने म्हणत नाहीये, तुमचाच तोटा आहे. अॅग्रीमेंट कमी किमतीचं झालं की बँक कर्ज त्याच किमतीवर देणार, म्हणजे रोख २० लाख पूर्णपणे तुमच्या बचतीतून जाणार. उद्या काही कारणाने सौदा मोडला तर चेकचे पैसे मागता येतात, रोख दिल्याचा तुमच्याकडे पुरावा काय? पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावरचीच धरली जाईल आणि जास्तीच्या नफ्यावर टॅक्स तुम्ही भराल. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे मालकाला नम्रपणे सांगा. शिवाय अॅग्रीमेंटची किंमत सरकारी बाजारभावापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून टॅक्स लागतो, आणि स्टँप ड्युटी तर दोन्हीतला जो आकडा मोठा त्यावरच लागते, मग वाचलं काय?

बैठकीत असं बोला, 'आमचे सगळे पैसे पगाराचे आणि बँकेचे आहेत, रोख आणणार कुठून. ऑल चेकमध्ये तुमची शेवटची किंमत सांगा.' बऱ्याच वेळा मालक विचारून बघतो आणि सोडून देतो. नाहीच सोडलं तर दुसरं घर बघा. परळ-लालबागला बघताय तर अजून एक, समोरचं घर मालकी हक्काचं आहे की पागडीचं हे पहिल्याच भेटीत विचारा, पागडीत तुम्ही भाडेकरू होता, मालक नाही, आणि त्यावर बँक सहसा गृहकर्ज देत नाही.

प्रश्न: कांदिवलीत अंडर कन्स्ट्रक्शन प्रोजेक्टला गेलो होतो. सेल्सवाली मॅडम म्हणाली आज बुकिंग केलं तरच ही किंमत, उद्यापासून फुटाला ५०० वाढणार. बिल्डरशी भाव होतो का? (एक वाचक, मालाड)

उत्तर: होतो, पण मालकाशी होतो तसा नाही. बिल्डर फुटाचा रेट कमी करायला तयार नसतो कारण मग आधी बुकिंग केलेले सगळे येऊन बसतील. त्यामुळे रेटवर डोकं आपटू नका, खालच्या ओळी बघा. फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, क्लब हाऊसचे पैसे, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, यांत सगळं मिळून काही लाख असतात आणि तिथे ते सोडतात. कॉस्ट शीट लेखी मागा, 'ऑल इन्क्लुझिव्ह' आकडा मागा, आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती द्यायचे हे बोला, सुरुवातीला कमी आणि ताब्याच्या वेळी जास्त असं मिळालं तर भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरायची वेळ कमी येते. ५ टक्के जीएसटी वेगळा धरा, तो ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला लागत नाही, म्हणून तुलना करताना नुसते रेट समोरासमोर ठेवू नका.

आज ना उद्याचं दडपण घेऊ नका. महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, तिथे पूर्ण होण्याची तारीख, ती किती वेळा पुढे गेली, किती फ्लॅट विकलेत, कोर्टकचेरी आहे का सगळं दिसतं. अर्ध्याहून जास्त फ्लॅट शिल्लक असतील तर उद्या पण हीच किंमत असेल आणि महिनाअखेरीला कदाचित कमी. आणि लक्षात ठेवा, रजिस्टर्ड अॅग्रीमेंट केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत, रेरा कायद्याचं कलम १३. कोणी २० टक्के आधी भरा म्हणालं तर कलम दाखवा.

प्रश्न: बोरिवलीत रिसेल फ्लॅट ९० लाखांना ठरला, १ लाख टोकन ऑनलाइन दिलं, फक्त व्हॉट्सअॅपवर बोलणं झालंय. आता मालकीणबाई म्हणतात मुलगा नाही म्हणतोय, ३ लाख वाढवा. काय करू? (एक वाचक, दहिसर)

उत्तर: ताई, तुमच्याकडे काहीच नाही असं समजू नका. बँकेची एंट्री आहे आणि चॅटमध्ये ९० लाख आणि टोकन हे शब्द आहेत, ते सगळं सेव्ह करा, स्क्रीनशॉट काढून मेल करून ठेवा. मग भेटायला जा, मुलालाही बसवा, बऱ्याचदा त्याला कुणी आधी विचारलेलंच नसतं आणि त्याचा राग तोच असतो. मुलाचं नाव कागदावर मालक म्हणून किंवा वारस म्हणून आहे का हे मात्र नक्की बघा, वडील वारलेले असतील तर सगळ्या वारसांची सही किंवा हक्कसोडपत्र लागतं, आणि मग त्याचं 'नाही' खरंच 'नाही' आहे.

३ लाख वाढवू नका. एकदा वाढवलेत तर अॅग्रीमेंटच्या दिवशी परत काहीतरी निघेल. फार तर तुमच्या बाजूने पैसे लवकर देण्याची तारीख द्या आणि सगळं कागदावर घ्या. नाही ऐकलं तर टोकन परत मागा, लेखी, आणि नाहीच दिलं तर वकिलाकडून नोटीस. कोर्टात घर मिळवायच्या मागे लागू नका असं मला वाटतं, १ लाखासाठी आणि पहिल्या घरासाठी एवढी वर्षं घालवायची नाहीत.

प्रश्न: सोसायटी ट्रान्सफरसाठी २ लाख 'बिल्डिंग फंड' मागतेय. मालक म्हणतो तुम्ही भरा. भरायचे का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर: महापालिका क्षेत्रात ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे, त्याच्यावर ५०० रुपये ट्रान्सफर फी आणि १०० रुपये प्रवेश फी, बस. देणगी म्हणून, फंड म्हणून, कोणत्याही नावाने जास्त मागता येत नाही, आणि तुम्ही लेखी मागणी द्या म्हटलं की सहसा आकडा खाली येतो, कारण कागदावर ते लिहून देत नाहीत. तरी अडवलं तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. पण नवीन जागी जाऊन पहिल्याच दिवशी कमिटीशी भांडण नको वाटतं ना, म्हणून हे काम मालकाला करायला लावा, तो जाणार आहे. त्याने सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणि एनओसी आणून द्यायची, आणि २५ हजार कोणी भरायचे, अर्धे-अर्धे की त्याने, हे टोकनच्या कागदावर आताच लिहून घ्या, शेवटचा चेक हातात असेपर्यंत तो ऐकतो.